छत्रीने मोजलेला मूस

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपल्याकडे साधारण दोन कारणांनी कानावर आलेलं असतं. एक म्हणजे कायदेभंगावरचा त्याचा १८४९ सालचा निबंध, जो गांधीजींनी वाचला होता. दुसरं म्हणजे 'वॉल्डन', जे दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलं. त्यामुळे थोरो म्हटलं की तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा, शांत, कायम कसल्यातरी चिंतनात बुडालेला माणूस डोळ्यासमोर येतो. हा माणूस ६ मे १८६२ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, क्षयाने गेला. आता अशा माणसाचे शेवटचे शब्द काय असावेत? देव, आत्मा, निसर्ग, स्वातंत्र्य? त्याच्या मित्राने नोंदवून ठेवलंय की शेवटच्या पुटपुटण्यात ओळखू येण्यासारखे दोनच शब्द होते. 'मूस' आणि 'इंडियन'.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः चक्रावलो. मूस म्हणजे सोनाराची मूस नव्हे हो! मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. आपल्या जंगलातलं सांबर डोळ्यासमोर आणा, मग ते उंचीला आणि अंगाने चांगलंच वाढवा, लांब पाय द्या, लोंबतं नाक द्या, आणि नराच्या डोक्यावर पसरट परातीसारखी शिंगं लावा. घोड्यापेक्षा उंच, वजनाला पाचशे किलोच्या आसपास. आणि मरताना माणसाला हा का आठवावा?

त्याचं उत्तर शोधता शोधता मी १८५३ सालच्या एका शिकारीपाशी पोचलो. शिकार थोरोची नव्हतीच, तो नुसता बरोबर गेला होता. पण या शिकारीची तयारी, जंगलातला माग, प्रत्यक्ष गोळीबार आणि नंतरचं अपराधीपण, सगळं त्याने इतकं बारकाईने लिहून ठेवलंय की इंजिनिअर माणसाला वाचताना मजा येते. आणि मग हळूहळू मजा येईनाशी होते.

थोरो हा स्वतः अर्धा इंजिनिअर होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरचा पेन्सिलींचा कारखाना, त्यात ग्राफाइट सुधारायचे त्याने केलेले उद्योग, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर जमिनीची मोजणी. म्हणजे साहेब चक्क सर्व्हेयर! मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वॉल्डन तळ्याला तळ नाही असं गावातले लोक म्हणायचे, तर याने दोरीला दगड बांधून खोली मोजली आणि आकडा छापला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १३ सप्टेंबर १८५३ ला तो बॉस्टनहून आगबोटीने मेन राज्यातल्या बॅंगोरला निघाला. तिथे जॉर्ज थॅचर नावाचे त्याचे एक नातेवाईक राहत. त्यांना मूसची शिकार करायची होती. वाटाड्या म्हणून त्यांनी जो एटियन या २४ वर्षांच्या पेनॉबस्कॉट तरुणाला ठरवलं. पेनॉबस्कॉट हे त्या भागातले मूळ रहिवासी, आणि जो हा त्यांच्या गव्हर्नरचा, म्हणजे प्रमुखाचा मुलगा. थोरोने बंदूक घेतली नव्हती. त्याला जंगल बघायचं होतं, आणि त्याहून जास्त 'इंडियन' माणूस जंगलात कसा वागतो ते बघायचं होतं. म्हणजे थॅचर मूसच्या मागावर आणि थोरो जोच्या मागावर. (बिचारा जो!)

आधी थोडं तयारीबद्दल. त्या काळी मेनच्या आतल्या जंगलात रस्ते नव्हते. रस्ता म्हणजे नदी, आणि गाडी म्हणजे बर्च झाडाच्या सालीची नाव. या नावेची मापं थोरोने अर्थातच घेतलीत. लांबी साडेएकोणीस फूट, रुंदी अडीच फूट, आतून खोली १४ इंच. एवढ्याशा नावेत तीन माणसं आणि सगळं सामान. मूसहेड सरोवर आगबोटीने पार करायचं, मग साधारण दोन मैलांच्या पट्ट्यावरून नाव आणि सामान वाहून न्यायचं आणि पेनॉबस्कॉट नदीच्या पश्चिम शाखेत उतरायचं. अशा पट्ट्याला तिकडे 'कॅरी' म्हणतात. नाव एवढी हलकी का बनवतात ते इथे कळतं. पाण्यात ती तुम्हाला वाहून नेते आणि जमिनीवर तुम्ही तिला.

आता माग काढणं. शिकार म्हणजे गोळी झाडणं, असं आपल्याला सिनेमे बघून वाटतं. प्रत्यक्षात गोळी हा शेवटच्या मिनिटाचा भाग. त्याआधीचे सगळे दिवस नुसतं बघणं आणि ऐकणं. मूस उन्हाळ्यात आणि पावसाळी दिवसांत पाणवनस्पती खायला संथ पाण्याशी येतो. म्हणून जो मुख्य नदी सोडून बाजूच्या मंद ओढ्यांमध्ये नाव घालायचा, काठच्या चिखलातले खूर बघायचा आणि माग ताजा आहे की जुना ते सांगायचा. खाल्लेल्या फांद्या हीसुद्धा एक खूण. मूसला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे तो डहाळी कापत नाही, ओढून तोडतो. तुटलेलं टोक फाटकं दिसतं. ससा मात्र तिरका, सुरीने कापल्यासारखा स्वच्छ काप देतो. म्हणजे नुसती डहाळी बघून कोण जेवून गेलं ते कळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचणं. प्रोग्रॅम समोर नाही, पण तो काय काय करून गेला ते ओळीओळीत दिसतंय.

दुसरी युक्ती म्हणजे हाक. सप्टेंबरच्या शेवटापासून मूसचा माजाचा काळ सुरू होतो आणि नर मादीच्या आवाजाकडे ओढला जातो. जोने बर्चच्या सालीचा तुकडा काढून त्याचा भोंगा वळला, त्याच सालीच्या पट्ट्यांनी बांधला आणि त्यातून मादीसारखा आवाज काढायला लागला. मूसची नजर काही फार तीक्ष्ण नसते, पण कान आणि नाक जबरदस्त. म्हणून वारा पडलेली रात्र निवडायची, हाक द्यायची आणि गप्प बसायचं. चांदणं, काळं पाणी, दोन्ही बाजूंना काळी झाडं, आणि तीन माणसं श्वास रोखून नावेत बसलीयत. त्या रात्री मूस आलाच नाही. दूर कुठेतरी एक मंद, घनगंभीर आवाज मात्र झाला. काय होतं ते थोरोला कळेना. जोने हळूच सांगितलं, झाड पडलं. वादळ नाही, वारा नाही, आणि दूर कुठेतरी एक झाड आपलंआपण कोसळलं. या प्रसंगावर थोरो जे लिहितो ते मुळातूनच वाचा. मला सगळ्या पुस्तकात हा परिच्छेद सर्वात आवडतो.

एक गमतीची गोष्ट म्हणजे थोरोच्या डोक्यातला 'इंडियन' आणि समोरचा जो यांचं काही केल्या जमत नव्हतं. जो वल्ही मारता मारता 'ओ सुझॅना' शिट्टीवर वाजवायचा. ते त्या काळातलं हिट गाणं! तो लाकूडतोडीच्या कॅम्पात कामाला जायचा, कामगारांच्या तोंडचं इंग्रजी बोलायचा. थोरोने त्याला विचारलं की तुझ्या पूर्वजांसारखा नुसता जंगलात मिळेल त्यावर राहशील का? जोने सरळ नाही म्हणून सांगितलं. पूर्वज वेगळे वाढले, आपण वेगळे. किती साधं, खरं उत्तर आहे! कोणीतरी परदेशी पाहुणा पुण्यात येऊन आयटीवाल्याला विचारतोय की तुम्ही आजोबांसारखे बैलगाडीने ऑफिसला का जात नाही, तसलाच प्रश्न होता तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाइन स्ट्रीम नावाच्या ओढ्यात मूस दिसले. एक मादी आणि तिचं बऱ्यापैकी वाढलेलं पिल्लू. थॅचरनी एक गोळी मादीवर झाडली, दुसरी पिल्लावर. दोघं झाडीत गडप झाली. जो रक्ताच्या थेंबांवरून मागे गेला. ओल्या जंगलात पावलाचा आवाज न करता तो कसा चालला याचं थोरोला फार कौतुक. पण थोड्या वेळाने जोने माग सोडून दिला. चांगल्या शिकाऱ्याच्या मानाने याने फारच लवकर हात टेकले, असं थोरोने नोंदवलंय. (हेही लक्षात ठेवा.) साधारण तासाभराने परत येताना मादी ओढ्याच्या मधोमध उथळ पाण्यात मरून पडलेली सापडली. अंग अजून गरम होतं. पिल्लू निसटलं होतं.

आता इथे तुम्ही किंवा मी काय केलं असतं? फोटो काढला असता. थोरोने मोजमाप सुरू केलं. टेप नव्हता. मग त्याने नावेची दोरी घेतली, मूसच्या अंगावर ताणली आणि प्रत्येक मापाला एकेक गाठ मारली. पण दोरी नाव बांधायला लागणार. म्हणून त्याच रात्री त्याने सगळ्या गाठींची मापं आपल्या छत्रीवर उतरवली, लहान मापापासून सुरुवात करून, एकेक गाठ सोडत. म्हणजे मूस आता 'इतक्या छत्र्या आणि वर छत्रीचा इतकावा भाग' एवढा झाला. दुसऱ्या दिवशी चेसनकूक सरोवराशी वस्तीत दोन फुटी पट्टी मिळाली, तेव्हा छत्र्यांचे फूट आणि इंच केले. वर शिवाय ॲश झाडाच्या पातळ पट्टीची घडी होणारी दोन फुटी स्वतःच बनवून घेतली, पुढच्या वेळेला असावी म्हणून!

आकडे आले ते असे. लांबी ८ फूट २ इंच. पुढचे पाय ताणून खुरापासून खांद्यापर्यंत उंची ७ फूट ५ इंच. हा दुसरा आकडा बघून त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. मोठ्या घोड्यापेक्षा दोनेक फूट जास्त! तरी त्याने तो लिहिला. आणि मग १८५७ साली तो पुन्हा मेनला गेला, या वेळी जो पोलिस या दुसऱ्या पेनॉबस्कॉट वाटाड्याबरोबर, आणि तिथे मारल्या गेलेल्या आणखी एका मादीचं माप घेतलं. उंची बरोबर ६ फूट. मग त्याने जुन्या मजकुरात कंस टाकून कबुली दिली की उंचीचं ते माप चुकीचं होतं, बाकीची मापं मात्र मी पडताळून पाहिली आहेत आणि ती बरोबर आहेत.

मला हा कंस फार आवडतो. बघा, चूक छत्रीची असती, म्हणजे रूपांतरात घोळ असता, तर सगळीच मापं सारख्या प्रमाणात बिघडली असती. लांबी बरोबर आणि उंची तेवढी चूक, म्हणजे घोळ एकाच नोंदीत आहे. एखादी गाठ सरकली असेल, किंवा दोरी नको त्या ठिकाणाहून धरली असेल. बरं, त्याला जुना आकडा गुपचूप खोडून नवा टाकता आला असता. कोण विचारणार होतं? त्याने चूक तशीच ठेवली आणि शेजारी दुरुस्ती लिहिली. आमच्याकडे जुना कोड पुसून 'मी असं कधी लिहिलंच नव्हतं' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. (एकदोनदा आरशातही.)

पण मोजमाप संपल्यावर जोने खिशातल्या सुरीने कातडं सोलायला घेतलं आणि थोरो बघत उभा राहिला. फाटलेल्या कासेतून गरम दूध वाहत होतं. इथे त्याचा सगळा सूर बदलतो. कातडं, जीभ, नाक आणि थोडं मांस घेऊन बाकीचं प्रचंड धूड ओढ्यातच सोडलं. संध्याकाळी बाकीचे दोघं पुन्हा शिकारीला गेले. हा एकटा शेकोटीशी बसून राहिला. त्याने लिहिलंय की या दुपारने, आणि तिच्यातल्या माझ्या वाट्याने, सहलीचा आनंदच संपवला. पोट भरण्यापुरती शिकार आणि मासेमारी करत मी वर्षभर जंगलात राहू शकेन. पण नुसतं मारण्यासाठी मूस मारणं म्हणजे रात्री शेजाऱ्याच्या कुरणात जाऊन त्याचे घोडे मारण्यासारखं आहे. आणि हेही सांगायला हवं की त्या मूसचं मांस त्याने खाल्लं, आणि चांगलं लागलं असं लिहिलंही. स्वतःला सोवळ्यात नाही ठेवलं.

त्या शेकोटीशी त्याच्या डोक्यात मूसवरून पाइनचं झाड आलं. जंगलात येणारे बहुतेक लोक काहीतरी न्यायला येतात, कोणी कातडं, कोणी लाकूड. झाडाचा खरा उपयोग फळ्या हाच असेल, तर माणसाचा खरा उपयोग खत एवढाच म्हणावा लागेल, असा त्याचा युक्तिवाद. हा लेख १८५८ मध्ये 'अटलांटिक मंथली'त तीन भागांत आला. संपादक होते जेम्स रसेल लोवेल. पाइनलाही आपल्यासारखंच अमरत्व असतं अशा अर्थाचं एक वाक्य लोवेलनी न विचारता काढून टाकलं. झाडाला आत्मा? वाचक भडकले असते! थोरो त्याहून जास्त भडकला. २२ जून १८५८ चं त्याचं पत्र आहे. माझं प्रत्येक मत छापा असा आग्रह नाही, पण न विचारता कापणं हा भेकडपणा आहे, असा त्याचा रोख. लोवेल संपादक असेपर्यंत त्याने त्या मासिकात पुन्हा लिहिलं नाही. तो गेल्यावर १८६४ साली 'द मेन वूड्स' हे पुस्तक निघालं आणि त्यात ते वाक्य परत आलं.

याच लेखाच्या शेवटी तो विचारतो की राजांची राखीव जंगलं असायची, तर मग राजा नसलेल्या देशात लोकांची राखीव जंगलं का असू नयेत? यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान व्हायला अजून १४ वर्षं होती.

मूसचं पुढे काय झालं? मेनमध्ये ते कमी कमी होत गेले आणि १९३० च्या दशकात तिथे शिकार बंद केली. ती उघडली १९८० मध्ये, ७०० परवान्यांची लॉटरी काढून. तेव्हापासून लॉटरीच चालते. नंबर लागला की लोक आधी जंगलात खेपा घालतात, जोने बघितले तसेच खूर आणि फाटक्या डहाळ्या बघतात, आणि अजूनही काही जण बर्चच्या सालीचा भोंगा वळतात. जाणते शिकारी पाण्यात उभ्या असलेल्या मूसवर गोळी झाडायचं टाळतात. पाचशे किलोचं जनावर पाण्यातून कोण ओढणार, आणि जाड कातड्यात उष्णता कोंडून मांस लगेच खराब होतं. १८५३ च्या त्या मादीचं वाया गेलेलं मांस आठवलं की या साध्या नियमाचं मोल कळतं. तयारी म्हणजे कुठे मारायचं एवढंच नाही, कुठे मारायचं नाही हेही ठरवणं.

आता मूसचा मोठा शत्रू बंदूक नाही, गोचीड आहे. हिवाळा उशिरा सुरू होऊ लागल्याने गोचिडींना जनावर शोधायला जास्त दिवस मिळतात, आणि एकेका पिल्लावर हजारोंनी चढून ती त्याचं रक्त शोषून त्याला मारतात. २०२१ पासून मेनच्या वन्यजीव खात्याने एका भागात मुद्दाम जास्त परवाने देऊन बघितलं, की मूसची दाटी कमी झाली तर गोचीड कमी होते का. मूस वाचवायला मूस मारायचे! थोरोने याचं काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक आधी गोचिडी मोजल्या असत्या.

'द मेन वूड्स'च्या शेवटी परिशिष्टात सामानाची यादी आहे, तीन माणसांच्या बारा दिवसांच्या सहलीसाठी. कडक पाव २८ पौंड, डुकराचं मांस १६ पौंड, साखर १२ पौंड, सहा लिंबं, वीस फूट मजबूत दोरी, वेगळ्या छोट्या कुपीत काडेपेटीच्या काड्या. ट्रेकच्या मेलमध्ये फिरणारी यादीच जणू. मी ती यादी दोनदा वाचली. त्यात टेप आहे! छत्रीवर भागवलेला माणूस शहाणा झाला होता. आणि बंदुकीबद्दल लिहिलंय की शिकारीलाच जाणार नसाल तर तिचं ओझं वाहण्यात अर्थ नाही.

आता ते दुसरं, लक्षात ठेवायला सांगितलेलं. जो एटियन. ४ जुलै १८७० ला, त्याच पेनॉबस्कॉटच्या पश्चिम शाखेवर, ओंडके वाहून नेण्याच्या कामात तो बुडून मेला. फॅनी हार्डी एकस्टॉर्म ही त्याच भागातली लेखिका. तिने १९०४ मध्ये 'द पेनॉबस्कॉट मॅन' या पुस्तकात त्याच्या मृत्यूची हकिगत लिहिली. तिच्या लिखाणात जो वेगळाच दिसतो. प्रपाताच्या तोंडाशी नाव घालणारा, बरोबरच्या माणसांना न सोडणारा, नदीवर ज्याचा शब्द चालायचा असा माणूस. तो मुळात नदीचा माणूस होता. शिकारी नव्हे.

म्हणजे थोरोने त्या सहलीत दोन मापं चुकवली. मूसची उंची आणि जो. मूसवर त्याने चार वर्षांनी कंस टाकला. जोला मात्र तो 'इंडियन' नावाच्या पट्टीने मोजत राहिला. लवकर हात टेकणारा शिकारी, पूर्वजांसारखा न जगणारा, नको ती गाणी वाजवणारा. ती पट्टी कुठून आली होती हे त्याने तपासलं नाही, आणि जो नदीत गेला तेव्हा कंस टाकायला तो स्वतः आठ वर्षांपूर्वीच गेलेला होता.

मला उगाच वाटतं, शेवटच्या दिवशी ते दोन शब्द एकत्र का आले असतील. एक माप दुरुस्त झालं होतं, दुसरं राहिलं होतं. अर्थात हा माझा शनिवार दुपारचा अंदाज, पुरावा शून्य. पण सोमवारी ऑफिसात कोणालातरी 'हा काही खास नाही' म्हणून ठरवण्याआधी हातातली पट्टी कशाची आहे ते एकदा बघीन म्हणतो. छत्री परवडली. तिची निदान लांबी तरी ठरलेली असते.